गुलाबाची दुपार: चिनी दरबारातली फुलांची चित्रं कशी वाचायची

बाराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. चीनची राजधानी तेव्हा काइफंगला होती आणि गादीवर सोंग घराण्याचा सम्राट हुइझोंग होता. लोंगद नावाचा नवा महाल उभा राहिला, तेव्हा त्याच्या भिंती आणि पडदे रंगवायला दरबारी चित्रशाळेतली झाडून सगळी नामांकित मंडळी कामाला लागली. काम पुरं झाल्यावर सम्राट पाहायला आला आणि एवढ्या मोठमोठ्या चित्रांसमोरून अवाक्षर न काढता पुढे गेला. थांबला तो पुढच्या दालनातल्या खांबांपाशी, तिरक्या फांदीवर काढलेल्या एका गुलाबासमोर. हे कुणाचं काम, म्हणून त्यानं विचारलं. एका नवख्या पोराचं होतं. सम्राटानं त्याला मानाचा तांबडा दरबारी झगा दिला, वर घसघशीत बक्षीसही दिलं.

कुणालाच काही कळेना. शेवटी जवळच्या माणसांनी धीर करून कारण विचारलं. सम्राट म्हणाला, हा बारमाही गुलाब नीट काढणारे फार थोडे. ऋतू बदलला, सकाळची संध्याकाळ झाली, की याच्या पाकळ्या, केसर, पानं सगळं बदलतं. या पोरानं काढलाय तो वसंतातल्या भर दुपारचा गुलाब, आणि त्यात केसभरही चूक नाही.

हा किस्सा तंग छुन नावाच्या लेखकानं ११६७च्या सुमारास लिहून ठेवला. घटना घडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तिखटमीठ किती लागलं असेल ते आपलं आपण ठरवावं. त्याच लेखकाची आणखी एक गोष्ट आहे. महालासमोरच्या लीचीच्या झाडाला फळं धरली आणि खाली मोर आला. सम्राटानं चित्रकारांना बोलावून तो देखावा काढायला लावला. चित्रं सुंदर झाली, पण सगळ्यांत मोरानं चौथऱ्यावर चढताना उजवा पाय उचललेला होता. सम्राट म्हणाला, चुकलं. मोर वर चढताना आधी डावा पाय उचलतो.

या दोन गोष्टी ऐकल्या की वाटतं, चिनी दरबारातली पुष्पचित्रं म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या वहीची राजेशाही आवृत्ती. निरीक्षण चोख आणि हात सफाईदार, एवढ्यावर विषय संपला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. चित्रं आवडायची, पण दहा-बारा पाहिली की सगळी सारखीच दिसायला लागायची. एक फांदी, दोन फुलं, एक पाखरू. मग लक्षात आलं, की मी यांतलं अर्धंच बघत होतो. उरलेलं अर्धं कानांनी घ्यायचं असतं.

कानांनी पाहायची चित्रं

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतो. दिवा आपल्याकडे विझत नाही, तो ‘शांत होतो’. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पण तोंडातून निघालेला शब्द शुभ असावा, कारण शब्दाच्या आवाजातच काहीतरी असतं, असा हा समज. त्याला शाळेच्या व्याकरणातला श्लेष जोडा. ‘मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?’ या वाक्यात ‘मित्र’ म्हणजे सखा आणि ‘मित्र’ म्हणजे सूर्यही. या दोन गोष्टी एकत्र केल्या की चिनी पुष्पचित्रांची निम्मी किल्ली हातात आली म्हणून समजा.

चिनी भाषेत एकाच उच्चाराचे, किंवा सुरात किंचित फरक असलेले शब्द ढिगानं आहेत. वटवाघूळ म्हणजे फू, आणि सुखसमृद्धी म्हणजेही फू. म्हणून आपल्याकडे जे पाखरू बघून लोक खिडकी लावून घेतात, ते तिकडे राजाच्या झग्यावर भरलं जातं. फुलदाणीला पिंग म्हणतात, आणि शांततेच्या शब्दातही पिंग आहे. फुलदाणीत चारही ऋतूंची फुलं खोचलेली दाखवली, की चित्राचा उच्चार होतो ‘वर्षभर सगळं सुखरूप असो’.

मांजर आणि फुलपाखरू ही जोडी तर माझी आवडती. चित्रात एक गुबगुबीत मांजर मान वर करून फुलपाखराकडे टक लावून बघतंय. आपल्याला वाटतं, चित्रकाराला गंमत सुचली असेल. पण मांजर म्हणजे माओ, फुलपाखरू म्हणजे दिए, आणि जवळपास त्याच आवाजाचा ‘माओदिए’ हा शब्द सत्तरी-नव्वदीच्या वयाला आहे. म्हणजे हे वाढदिवसाचं चित्र आहे. शेजारी पिओनीचं मोठं फूल असेल, तर ‘नुसतं जगू नका, श्रीमंतीत जगा’ एवढी पुस्ती जोडली गेली.

मेइ हे प्लमच्या जातीचं झाड. त्याच्या मोहोरावर बसलेला मॅगपाय पक्षी घ्या. त्या पक्ष्याच्या नावात ‘आनंद’ हा शब्द आहे, आणि मेइ म्हणजे ते झाड तशी भुवईही. चित्र म्हणतं, ‘आनंद भुवयांच्या टोकापर्यंत चढला’. आपण गगनात मावेना म्हणतो, ते भुवईपर्यंत चढवतात. कमळांमधला बगळा तर सरळसरळ स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारासाठी असतो. एक बगळा म्हणजे ‘यी लू’, आणि ‘एका वाटेनं’ हेही ‘यी लू’. कमळ म्हणजे लिएन, आणि लागोपाठ म्हणजेही लिएन. म्हणजे एका दमात लागोपाठ सगळ्या परीक्षा पास हो. सरकारी नोकरीसाठी वर्षानुवर्षं परीक्षा देणाऱ्या पोराच्या खोलीत लावायला याहून चांगलं चित्र कोणतं?

दरबारात सगळ्यात मानाचा श्लेष मात्र तीन फुलांचा. पहिलं फूल यूलान, म्हणजे पांढरा मॅग्नोलिया, आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातला. दुसरा हायतांग, म्हणजे रानटी सफरचंदाचा गुलाबी मोहोर. तिसरं पिओनी. यूलानमधला ‘यू’ आणि हायतांगमधला ‘तांग’ मिळून होतो ‘यूतांग’, अर्थात जेड या मौल्यवान दगडाचं दालन. राजाच्या जवळच्या विद्वानांचं जे कार्यालय होतं, त्याचं हे लाडकं नाव. पिओनी म्हणजे धन आणि मान. तिन्ही मिळून, ‘जेडच्या दालनात वैभव नांदो’. ही तीन फुलं एकाच चौकटीत दिसली, की कुठल्याही शतकातलं चित्र असो, एवढं वाक्य बिनधास्त वाचावं.

सगळंच काही श्लेषावर चालत नाही. डाळिंबात दाणे फार, म्हणून त्याचा अर्थ भरपूर मुलंबाळं. शेवंती सगळी फुलं सरल्यावर थंडीच्या तोंडावर फुलते, म्हणून तिच्याकडे दीर्घायुष्य आणि निवृत्तीतलं समाधान. मेइ बर्फात फुलतो, म्हणून तो न वाकणारा. आणि कमळ? ते आपल्याला समजावून सांगायला नको. चिखलात उगवून चिखल न लागणारं फूल हा अर्थ बौद्ध धर्माबरोबर भारतातूनच तिकडे गेला. पुढे चौ दुनयी या अकराव्या शतकातल्या विचारवंतानं कमळावर एक छोटासा लेख लिहून त्याला सज्जन माणसाची ओळख करून टाकलं. त्याच लेखात तो जाता जाता म्हणतो, की शेवंती ही फुलांमधली विरक्त आणि पिओनी ही फुलांमधली श्रीमंत. कमळ आवडणारे माझ्यासारखे थोडेच, पिओनीवर मात्र सगळे फिदा. टोमणा स्पष्ट आहे.

पिओनीचं वेड

या टोमण्यामागे तीनशे वर्षांचा इतिहास होता. पिओनीला चिनी भाषेत मुदान म्हणतात. मराठीत तिला नाव नाही, कारण आपल्या हवेत ती रुजत नाही. शेकडो पाकळ्यांचा, हाताच्या ओंजळीत न मावणारा गुलाब डोळ्यांसमोर आणा, साधारण तशी. तांग घराण्याच्या काळात, आठव्या-नवव्या शतकात, छांगआन या राजधानीला हिचं वेड लागलं होतं. ल्यू यूशी या कवीनं लिहिलं, की देशाचं खरं सौंदर्य एकट्या पिओनीत, ती फुलली की सगळी राजधानी हलते. त्याचाच समकालीन कवी बाइ जूयी मात्र बाजारात उभा राहून हिशेब मांडत होता. त्याच्या कवितेत एक म्हातारा शेतकरी फुलांच्या बाजारात येतो आणि मान खाली घालून सुस्कारा टाकतो. गडद रंगाच्या फुलांचा एक गुच्छ म्हणजे दहा मध्यम घरांचा वर्षाचा सारा, हे त्याच्याशिवाय कुणाच्या ध्यानातच येत नाही.

लोककथेनं पिओनीला थोडा ताठ कणाही दिला. सम्राज्ञी वू त्सतियेन हिनं म्हणे भर हिवाळ्यात बागेतल्या सगळ्या फुलांना फुलण्याचा हुकूम सोडला. सगळी घाबरून फुलली, पिओनी फुलली नाही. तिला राजधानीतून हद्दपार करून लोयांगला पाठवलं. लोयांग शहर आजही एप्रिलमध्ये पिओनीचा उत्सव करतं, म्हणजे शिक्षा कुणाला झाली हे कळत नाही.

तेव्हा पिओनी राजाच्या भिंतीवर येते, ती हे सगळं ओझं घेऊन. वैभव, सत्ता, राजधानीची आठवण, आणि थोडीशी उधळपट्टीची टोचणी.

दोन घराणी आणि एक नियमावली

आपल्याकडे गाण्यात जशी घराणी, तशी चिनी पुष्पचित्रांत दोन मानली जातात. दहाव्या शतकात देश तुकड्यांत विभागला होता. पश्चिमेला छंगतूच्या दरबारात हुआंग छुआन होता. बारीक रेघ, त्यात थरावर थर रंग, जिवंत वाटावे असे पक्षी. त्याचा रेशमावरचा एक अभ्यासाचा तुकडा बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यावर चिमण्या, नाकतोडे, गांधीलमाश्या आणि दोन कासवं एखाद्या मुलानं खेळणी पसरावीत तशी विखुरली आहेत. कोपऱ्यात लिहिलंय, ‘मुलगा जूबाओ याला सरावासाठी’. एवढ्या ओळीमुळे हजार वर्षांपूर्वीचा दरबारी चित्रकार एकदम कुणाचातरी बाबा वाटायला लागतो. दक्षिणेला नानचिंगकडे शू शी होता. त्यानं कुठल्या दरबाराची नोकरी केली नाही. बागेतल्या, तळ्याकाठच्या, अगदी भाजीच्या वाफ्यातल्या गोष्टी तो शाईच्या मोकळ्या फटकाऱ्यांनी काढायचा. लोक म्हणायचे, हुआंगकडे श्रीमंती, शू शीकडे रानवारा.

९६५ साली सोंग सैन्यानं छंगतूचं राज्य घेतलं. हुआंग छुआन मुलांसह काइफंगला आणला गेला आणि त्याच वर्षी वारला. पण मुलगा हुआंग जूत्साय तिथे स्थिरावला, आणि पुढे जवळपास शतकभर दरबारी चित्रकार व्हायचं तर हुआंगांसारखं काढायचं, हा दंडक झाला.

पुन्हा हुइझोंगकडे येऊ, कारण या विषयात त्याच्याकडे परत परत यावंच लागतं. तो स्वतः चित्रकार आणि उत्तम सुलेखनकार. सोन्याच्या तारेसारखं बारीक, टोकदार त्याचं अक्षर लांबूनही ओळखू येतं. त्यानं चित्रकलेला ११०४ साली रीतसर शाळा आणि प्रवेश परीक्षा दिली. परीक्षेत कवितेची ओळ देत. ‘फुलं तुडवून परतलो, घोड्याच्या खुरांना सुगंध’ ही ओळ आली, तेव्हा बाकीच्यांनी फुलं आणि घोडा काढला. एकानं फुलं काढलीच नाहीत. घोड्याच्या खुरांमागे घोटाळणारी फुलपाखरं काढली, आणि तोच पहिला आला असं सांगतात. सुगंध कसा काढायचा याचं इतकं सोपं उत्तर दुसरं नसेल.

११२०च्या सुमारास त्याच्या दरबारानं शाही संग्रहाची सूची तयार केली. २३१ चित्रकारांची ६,३९६ चित्रं. त्यांतली २,७८६ फुलापाखरांची, म्हणजे डोंगर, माणसं, देव, राजवाडे, घोडे या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्या विभागाच्या प्रस्तावनेत नियमच घालून दिलाय: पिओनी असो की मोर, ते वैभवशाली दिसलेच पाहिजेत, पाइन, बांबू, मेइ, शेवंती आणि पाणपक्षी निवांत, एकांतातले दिसले पाहिजेत. फुलाला केवळ अर्थ नाही, स्वभावही आहे, आणि चित्रकारानं तो बिघडवायचा नाही.

यावरूनच यांग वूच्यिओची गोष्ट सांगतात. हा मेइचा मोहोर शाईनं काढण्यात पटाईत. त्याची चित्रं सम्राटापुढे गेली तेव्हा सम्राटानं ‘खेडवळ मेइ’ म्हणून नाक मुरडलं. महालातल्या मेइच्या फांद्या कशा वळण देऊन, छाटून वाढवलेल्या. याच्या आपल्या ओढ्याकाठी कुठेही वाढाव्यात तशा. यांगनं पुढे आपल्या चित्रांवर सही करायला सुरुवात केली, ‘शाही आज्ञेवरून खेडवळ मेइ’. असला खवचटपणा पुण्यातही खपला असता.

एक चित्र सावकाश

आता एकच चित्र घेऊ. हुइझोंगच्या नावावरचं ‘फूरोंग आणि सोनेरी तितर’, रेशमावरचं, बीजिंगमधलं. फूरोंग हे जास्वंदीच्या कुळातलं झुडूप आहे. फूल सकाळी पांढरं असतं, दिवस कलतो तसं गुलाबी, मग लाल होत जातं. थंडी सुरू होताना फुलतं, म्हणून त्याचं दुसरं नाव ‘दहिवराला दाद न देणारं’. उंच फांदीवर लाल-सोनेरी तितर येऊन बसलाय. त्याच्या वजनानं फांदी खाली लवलीय, आणि त्यानं मान वळवून वर उजवीकडे उडणाऱ्या दोन फुलपाखरांकडे पाहिलंय. खाली कोपऱ्यात शेवंती. उजवीकडे सम्राटाच्या त्या तारेसारख्या अक्षरात चार ओळींची कविता.

पहिला थर निरीक्षणाचा. फांदी किती लवावी, पानाच्या कडा कुठे वाळल्या, पक्ष्याच्या मानेवरची पिसं कशी उलटली, हे सगळं मोजूनमापून. ऋतू ओळखता येतो, शरद सरत आलेला. दुसरा थर फुलाचा: थंडीला न भिणारं झुडूप आणि शेवंती. तिसरा पक्ष्याचा. कवितेत म्हटलंय, की या पक्ष्यात पाचही गुण आहेत. हे पाच गुण जुन्या ग्रंथांत कोंबड्याचे म्हणून सांगितलेत. तुरा म्हणजे विद्वत्तेचं शिरस्त्राण, पायाच्या नख्या म्हणजे युद्धकौशल्य, शत्रूसमोर लढणं म्हणजे शौर्य, दाणा दिसला की इतरांना हाक मारणं म्हणजे दयाळूपणा, आणि रोज वेळेवर आरवणं म्हणजे विश्वासूपणा. म्हणजे हा तितर आदर्श दरबारी आहे. कविता पुढे म्हणते, की तो पाणबदकांपेक्षाही निवांत आहे. सोप्या मराठीत: माझ्या राज्यात गुणी माणसं आहेत आणि ती सुखात आहेत.

बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे चित्र शाळेतल्या कुणा चित्रकारानं काढलं असावं आणि सम्राटानं त्यावर कविता लिहिली असावी. त्यानं चित्राचं मोल कमी होत नाही. उलट कळतं, की दरबारात चित्र ‘कुणी काढलं’ याइतकंच ‘कुणाच्या वतीनं बोलतंय’ हेही महत्त्वाचं होतं.

काढायचे कसे, तेही थोडक्यात. रेशमी कापड ताणून त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवायचं, म्हणजे रंग फुटत नाही. आधी बारीक शाईची रेघ. मग हातात एकाच वेळी दोन कुंचले, एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. पहिल्यानं रंग लावायचा, तो वाळायच्या आत दुसऱ्यानं कडेकडे विरवत न्यायचा. असे अनेक पातळ हात. लाल रंग हिंगुळाचा, हिरवा आणि निळा तांब्याच्या खनिजांचा, पांढऱ्यासाठी शिंपल्यांची पूड किंवा शिसं. कधी रंग रेशमाच्या मागच्या बाजूनं लावतात, म्हणजे पुढून तो पाकळीच्या आतून उजेड आल्यासारखा दिसतो. चूक झाली तर खोडायची सोय नाही.

राज्य मात्र असं जपून रंगवलेलं नव्हतं. ११२७ साली उत्तरेच्या चिन घराण्याच्या सैन्यानं काइफंग लुटलं. सम्राटाला हजारो माणसांसह कैद करून नेलं, आणि ११३५ साली तो दूर उत्तरेत बंदिवासात वारला. गुणी, सुखी तितर काढून उणीपुरी वीस-पंचवीस वर्षं झाली असतील.

पंख्यावरची फुलं, मातीवाचूनची फुलं

उरलेला दरबार दक्षिणेला, आजच्या हांगचौला गेला. चित्रं लहान झाली. हातात धरायच्या गोल पंख्यांवर, वीतभर जागेत एखादंच फूल. मला स्वतःला हाच काळ सगळ्यात आवडतो. वैभवाची घोषणा मागे पडते आणि जवळून बघणं उरतं. ली सोंग नावाच्या चित्रकारानं वेताच्या टोपल्या काढल्या, प्रत्येकीत एका ऋतूची फुलं. त्यातली उन्हाळ्याची टोपली बीजिंगला आहे. वेताची वीण इतकी मन लावून काढलीय, की बुरूड कामाला बसेल. १२१६ साली मा लिननं पांढऱ्या मेइच्या दोनच फांद्या काढल्या. त्या चित्राला सम्राज्ञी यांग हिनं स्वतःच्या हातानं ‘थरावर थर बर्फाळ तलम’ असं नाव दिलं आणि वर कविता लिहिली: फुलं जणू थंडीनं गारठून फुलाच्याच घरात मुक्कामाला आलेली फुलपाखरं. मग ते चित्र एका अधिकाऱ्याला भेट गेलं. दरबारात चित्र असंच फिरायचं. वरून खाली येणारी मर्जी, कागदोपत्री न लिहिता दिलेला संदेश.

१२७९ साली मंगोलांनी सोंग राज्य संपवलं. आणि मग जे चित्र झालं, ते दरबाराबाहेरचं असूनही इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चंग सिश्याओ नावाच्या विद्वानानं १३०६ साली ऑर्किडचं एक रोप शाईनं काढलं. थोडी पानं, एखाददुसरं फूल. जमीन नाही, मातीचा डाग नाही, मुळं नाहीत. का, म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणे म्हणाला, माती परक्यांनी चोरली, तुम्हाला ठाऊक नाही का? हे चित्र जपानमध्ये ओसाकाला आहे. ऑर्किड हे एकांतातही सुगंध देणाऱ्या सज्जनाचं फूल, हे दरबाराला ठाऊक असलेलंच प्रतीक. चंगनं फक्त जमीन काढून घेतली, आणि शुभेच्छेचं चित्र तक्रार झालं.

मिंग घराण्यानं दरबारी फुलापाखरांची चित्रं परत भव्य केली. कौशल्य अफाट, माझं मन तिथे फारसं रमत नाही, म्हणून सरळ १७१५ सालात जाऊ.

त्या वर्षी मिलानचा एक तरुण जेझुइट चित्रकार चीनमध्ये उतरला. ज्युझेप्पे कास्तिल्योने त्याचं नाव. चिन्यांनी त्याला लांग शिनिंग केलं, आणि तो तीन सम्राटांच्या पदरी मरेपर्यंत, १७६६पर्यंत राहिला. १७२२च्या अखेरीस युंगचंग गादीवर आला. बापानंतर ही गादी त्याला सरळपणे मिळाली की त्यानं लाटली, याची कुजबुज राज्यभर होती. अशा वेळी वर्षभरात ठिकठिकाणाहून वार्ता आल्या, की एका देठाला दोन कमळं लागली, एका ताटाला एकाहून अधिक कणसं आली. चिनी समजुतीनुसार राजा योग्य असेल तर निसर्ग अशी पावती देतो. कास्तिल्योनेनं ती पावती रंगवली. फिकट हिरव्या फुलदाणीत जोडकमळं आणि जोडकणसं, नाव ‘शुभचिन्हांचा मेळावा’. फुलदाणीवर प्रकाशाची तिरीप आहे, ती युरोपातली. फुलदाणी म्हणजे पिंग म्हणजे शांतता, हे चिनी. नव्या राजाच्या हक्काचा पुरावा, साक्षीला दोन कमळं.

दरबारातल्या देशी चित्रकारांना हा पाहुणा पूर्ण पचला नाही. झोउ यीक्वेइ हा त्याच काळातला फुलांचा मोठा चित्रकार. त्यानं लिहून ठेवलंय, की पाश्चात्त्यांची छाया-प्रकाशाची आणि अंतराची गणितं अचूक आहेत, भिंतीवर काढलेलं घर बघून आत शिरावंसं वाटतं. पण कुंचल्याची रीत त्यांच्याकडे नाही, त्यामुळे ही कारागिरी झाली, चित्र नव्हे. वसंतातल्या दुपारचा गुलाब ओळखणाऱ्या सम्राटाला हे पटलं असतं का, याची मला शंका आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सम्राज्ञी त्सशी पिओनीची चित्रं काढून मंत्र्यांना भेट द्यायची. वर तिचा मोठा शिक्का. यातली बरीचशी चित्रं मिआओ च्याहुइ नावाच्या युन्नानमधल्या बाईनं आणि इतर स्त्री चित्रकारांनी काढलेली होती, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक असावं. पण घेणारा फूल कशाला बघतोय? तो शिक्का बघायचा.

याच शतकात ही फुलं मुंबईत येऊन पोचली होती, पारशी व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून. चीनच्या कॅन्टन बंदराशी त्यांचा व्यापार होता, आणि परतताना ते बायकांसाठी रेशमावर चिनी कारागिरांनी भरलेलं कापड आणायचे. त्यातून गारा साडी झाली. आजही पारशी लग्नात एखाद्या आजीच्या साडीच्या काठावर पिओनी, शेवंती, कमळ, झाडावर बसलेली पाखरांची जोडी सगळं अगदी शाबूत दिसतं. श्लेष मात्र कॅन्टनलाच राहिले. पारशी बायकांनी त्या नक्ष्यांना आपली नावं दिली. पाखरांची जोडी झाली चकला-चकली, आणि लहानमोठ्या गोल ठिपक्यांचं झालं कांदा-पापेटा.